सर्व्हर स्लो नाहीये, त्याला हळू ठेवलंय!

रात्रीचे साडेअकरा वाजले होते. फेस्टच्या ग्रुपवर मेसेजचा पाऊस पडत होता. 'पेज उघडत नाहीये.' 'माझं नुसतं फिरतंय.' 'कुणी बनवलीये ही साइट?' नोंदणीची मुदत बाराला संपत होती आणि सात-आठ कॉलेजांची मुलं एकाच वेळी फॉर्म भरायला बसली होती. मी मीडिया टीममध्ये. म्हणजे शिव्या खायचं काम माझ्याकडे आणि साइट चालवायचं काम आयटीच्या एका एसवायवाल्या मुलाकडे. त्याने सर्व्हरवर लॉगिन करून प्रोसेसरचा आकडा बघितला. १०० टक्के. त्याचा स्क्रीनशॉट त्याने प्रामाणिकपणे ग्रुपवर टाकला आणि तिथेच फसला. शंभर-दीडशे लोक साइटवर आहेत आणि प्रोसेसर फुल? म्हणजे कोडच कचरा! निकाल लागला. मीही लिहिलं, 'भाऊ, टेस्टिंग केलं होतंस ना?' पुढे हसणारा इमोजी. आज तो मेसेज वाचवत नाही मला.

दुसऱ्या दिवशी मुदत वाढवली. लॅबमधल्या सर्व्हरवाल्या दादांनी आमच्या मशीनला चाराऐवजी आठ प्रोसेसर दिले. गर्दी जरा कमी तुंबायला लागली, पण एकेक पान उघडायला लागणारा वेळ तसाच. मग कमिटीत ठरलं की पुढच्या वर्षी नवा सर्व्हर घ्यायचा. आपल्याकडे कुठलीही गोष्ट चालेनाशी झाली की नवी आणायची, हे ठरलेलंच आहे.

माझी रूममेट कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. मी तिला हे सगळं रंगवून सांगत होते. तिने मधेच थांबवून विचारलं, "मशीन किती गिगाहर्ट्झवर चालत होतं?" मी फुशारकीने सांगितलं, "२.४. मी स्वतः बघितलं." ती म्हणाली, "ते व्हर्च्युअल मशीन आहे ना? मग त्याला स्वतःचा वेग माहीत असतो, असं तुला कुणी सांगितलं?"

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलंच नाही. मी मास कॉमची विद्यार्थिनी. सर्व्हर म्हणजे थंड खोलीत गुरगुरणारं काळं कपाट, एवढीच माझी ओळख. पण पत्रकारितेत पहिल्या वर्षापासून एक गोष्ट घोकून घेतात की सांगणाऱ्याला ते कुठून कळलं, हे विचारायचं. इथे मी एका मशीनला त्याचा वेग विचारला होता आणि त्याने दिलेलं उत्तर तसंच्या तसं छापलं होतं.

आता थोडं समजून घेऊ. घाबरू नका, मलाही हे दोन चहा आणि एक वडापाव एवढ्या वेळात कळलं.

कॉलेजमध्ये खरा सर्व्हर एकच. त्यावर पाच-सहा व्हर्च्युअल मशीन चालतात. एक ग्रंथालयाचं, एक ऑफिसचं, एक आमच्या फेस्टचं. प्रत्येकाला वाटतं की आपल्याकडे स्वतंत्र प्रोसेसर आहे. प्रत्यक्षात खाली एक सॉफ्टवेअर बसलेलं असतं, हायपरवायझर, आणि ते खऱ्या प्रोसेसरचा वेळ सगळ्यांना वाटून देतं. व्हीएमवेअर, झेन, केव्हीएम ही त्यातली नेहमी ऐकू येणारी नावं. यातलं केव्हीएम तर २००७ पासून लिनक्समध्येच आहे.

दुसरी गोष्ट प्रोसेसरच्या वेगाची. २.४ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला २४० कोटी ठोके. पण प्रोसेसर कायम त्याच वेगाने धावत नाही. काम कमी असेल तर तो ठोके कमी करतो आणि त्याबरोबर व्होल्टेजही. खरी बचत या व्होल्टेजमध्ये आहे. कारण ठोक्यांमागे खर्च होणारी वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. दोन्ही २० टक्क्यांनी कमी करता आले, तर ०.८ गुणिले ०.८ गुणिले ०.८, म्हणजे जवळपास निम्मी वीज. अकरावीच्या फिजिक्सचा असाही उपयोग होतो, हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर! इंटेलने २००० मध्ये हे स्पीडस्टेप या नावाने लॅपटॉपच्या प्रोसेसरमध्ये आणलं, बॅटरी वाचवायला. नंतर तेच तंत्र सर्व्हरमध्येही आलं.

वेग कधी वाढवायचा आणि कधी उतरवायचा, हे ठरवणाऱ्या नियमाला लिनक्समध्ये 'गव्हर्नर' म्हणतात. 'परफॉर्मन्स' म्हणजे कायम वरच्या वेगावर. 'पॉवरसेव्ह' म्हणजे कायम सगळ्यात खालच्या वेगावर. 'ऑनडिमांड' आणि २०१६ मध्ये आलेला 'शेडयुटिल' काम बघून वेग बदलतात. इथे एक गंमत आहे. इंटेलच्या नव्या ड्रायव्हरमध्येही 'पॉवरसेव्ह' आहे, पण तो प्रोसेसरला तळाला बांधून ठेवत नाही, कामाप्रमाणे वेग वर-खाली करतो. नाव तेच, वागणं वेगळं. असं नामकरण करणाऱ्यांना एकदा आमच्या कॉपी एडिटिंगच्या तासाला बसवायला हवं.

आता या दोन गोष्टी जोडा. वेग ठरतो खऱ्या मशीनवर. आतल्या व्हर्च्युअल मशीनला त्या गव्हर्नरपर्यंत हातच पोहोचत नाही. बहुतेक वेळा तिथे वेगाच्या सेटिंगचा फोल्डरच नसतो. जो आकडा दिसतो तो प्रोसेसरच्या नावावर छापलेला किंवा सुरुवातीला नोंदवलेला, आत्ताचा नव्हे. आमच्या बिल्डिंगमध्ये पाणी कमी आलं की तिसऱ्या मजल्यावरच्या काकू नळ पूर्ण उघडून बघतात, मग प्लंबरला बोलावतात, मग नळच बदलतात. खाली टाकीजवळचा व्हॉल्व्ह कुणीतरी अर्धा बंद केलाय, हे त्यांना वरून दिसणार कसं? आमच्या एसवायवाल्याचं हेच झालं. नळ १०० टक्के उघडा. धार करंगळीएवढी.

रूममेटने मला एकच प्रश्न विचारायला पाठवलं. हेच काम याच मशीनवर आधी कधी मोजलंय का? एसवायवाल्याने मोजलं होतं. एप्रिलमध्ये एका वर्कशॉपसाठी त्याने १०० प्रमाणपत्रं तयार केली होती, ४० सेकंदांत. वहीत लिहून ठेवलं होतं बिचाऱ्याने. आता तोच कोड, तेवढीच प्रमाणपत्रं, आणि वेळ ८० सेकंदांच्या वर. मग आम्ही दोघं दादांकडे गेलो. त्यांनी खऱ्या सर्व्हरवर 'सीपीयूपॉवर' नावाची कमांड चालवली. गव्हर्नर पॉवरसेव्ह, तोही जुन्या ड्रायव्हरचा. वेग १.२ गिगाहर्ट्झ. बरोबर निम्मा.

दादा स्क्रीनकडे बघत राहिले. मग म्हणाले, "अरे, मे महिन्यातला एसी."

मेमध्ये सर्व्हर रूमचा एसी बंद पडला होता. दुरुस्तीवाला तीन दिवसांनी येणार होता. कपाट तापत होतं. सर्व्हर बंद केला असता तर ग्रंथालय आणि ऑफिस दोन्ही ठप्प, तेही ॲडमिशनच्या तोंडावर. दादांनी वेग तळाला बांधला, उष्णता कमी झाली आणि तीन दिवस निभावले. मला विचाराल तर तो निर्णय एकदम योग्य होता. फक्त एसी सुरू झाल्यावर तो उलटा फिरवायचा राहिला. सर्व्हर रिस्टार्ट झाला असता तर सेटिंग आपोआप गेलं असतं, पण चांगला सर्व्हर म्हणजे महिनोन्‌महिने रिस्टार्ट न होणारा! सहा महिने अख्खं कॉलेज अर्ध्या वेगाने चाललं आणि प्रत्येकाने आपापल्या परीने दुसऱ्या कुणाला तरी दोष दिला. ऑफिसने नेटला, ग्रंथालयाने सॉफ्टवेअरला आणि आम्ही त्या मुलाला.

मी त्याला सॉरी म्हटलं. तो म्हणाला, "ताई, मलाही वाटलं होतं माझाच कोड बेकार आहे. दोन रात्री मी तोच वाचत बसलो होतो."

माझा मुद्दा इथून सुरू होतो. आपण टक्क्यांवर फार विश्वास ठेवतो. पण प्रोसेसर ८० टक्के व्यग्र आहे, याला अर्थ कधी येतो? कोणत्या वेगाचे ८० टक्के, हे कळलं तर. १.२ गिगाहर्ट्झवर घाम गाळणारं मशीन २.४ वर निवांत बसलेलं असतं. हा प्रश्न आमच्या कॉलेजपुरता नाही. समजा, एका व्हर्च्युअल मशीनला प्रोसेसरचा २० टक्के वाटा ठरवून दिलाय. बाकीची मशीन झोपलेली आहेत. खालच्या गव्हर्नरला एकूण काम कमी दिसतं, म्हणून तो वेग उतरवतो. आता या मशीनला मिळतात २० टक्केच, पण हळू झालेल्या प्रोसेसरचे. शेजारी गप्प बसले म्हणून याचा वाटा घटला! त्याने तर नियमाप्रमाणे सगळं केलं होतं. व्हीएमवेअरमध्ये वाटा टक्क्यांऐवजी मेगाहर्ट्झमध्ये ठरवता येतो आणि मशीनने खरंच किती वापरलं, याच्या हिशेबात वेगही धरला जातो. मला हे जास्त सरळ वाटतं. दूध अर्धा लिटर मागावं, 'पातेल्याच्या २० टक्के' मागू नये.

आता गोष्टीचा दुसरा भाग. कारण कळल्यावर कमिटीत एकच सूर होता, 'मग टाका ना कायमचा परफॉर्मन्सवर आणि विसरा!' इंटरनेटवर शोधलं तरी पहिला सल्ला बहुतेक हाच सापडतो. मला तो आळशी वाटतो. मे महिन्यातली चूक काय होती? एका गरजेसाठी केलेलं सेटिंग गरज संपल्यावरही तसंच राहिलं. कायमचा परफॉर्मन्स म्हणजे तीच चूक, फक्त उलट्या दिशेने.

अर्थात, समोरच्या बाजूचंही म्हणणं आहे आणि ते उडवून लावण्यासारखं नाही. वेग उतरवल्याने वाटतो तेवढा फायदा होत नाही. गूगलच्या लुईझ आंद्रे बारोसो आणि उर्स हॉल्झल यांनी २००७ मध्ये एक लेख लिहिला होता. त्यात गूगलच्या पाच हजारांहून जास्त सर्व्हरची सहा महिन्यांची नोंद आहे. हे सर्व्हर बहुतांश वेळ १० ते ५० टक्के क्षमतेवरच चालायचे. आणि त्या काळचा कार्यक्षम म्हणवणारा सर्व्हरही काहीच काम करत नसताना पूर्ण विजेच्या जवळपास निम्मी खायचा. म्हणजे पंखे, मेमरी, डिस्क यांचं मीटर चालूच. तुम्ही प्रोसेसर हळू केलात, तर तेच काम लांबतं आणि तेवढा वेळ बाकीचं सगळं जागं राहतं. त्यापेक्षा पटकन काम उरका आणि झोपा, असं म्हणणारे बरेच इंजिनीअर आहेत. दहा अर्धरिकामे सर्व्हर बंद करून त्यांचं काम एका सर्व्हरवर आणणं, म्हणजे व्हर्च्युअलायझेशन, हीच मुळात मोठी बचत आहे.

हे मान्य. पण 'झोपा' हा शब्द त्यात आहे ना? कायम सुसाट ठेवण्याच्या नादात बरेच जण बायोसमध्ये जाऊन प्रोसेसरची झोपही बंद करून टाकतात. आणि इथे रूममेटने मला जे सांगितलं त्याने मी चाट पडले. आजच्या प्रोसेसरमध्ये टर्बो असतो. सगळ्या कोअरना मिळून विजेचा आणि उष्णतेचा एक कोटा असतो. काही कोअर गाढ झोपले की त्यांच्या वाट्याचं उरलेलं जागे कोअर वापरतात आणि छापील वेगाच्याही वर जातात. कुणालाच झोपू दिलं नाही, तर कुणालाच फार उंच उडी मारता येत नाही. म्हणजे वेगासाठी केलेली दादागिरी वेगाच्याच मुळावर. प्रत्येक कामाच्या बाबतीत असं होईलच असं नाही, पण होऊ शकतं. म्हणून मोजायचं, अंदाजाने ठोकून द्यायचं नाही.

शेजाऱ्याचा त्रास वेगळाच. इंटेलच्या काही सर्व्हर प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स-५१२ नावाच्या जड सूचना वापरल्या की त्या कोअरचा वेग खाली येतो. २०१७ मध्ये क्लाउडफ्लेअरच्या इंजिनीअरांनी हे उघडपणे लिहिलं होतं. एन्क्रिप्शनच्या छोट्याशा कामासाठी या सूचना वापरल्या गेल्या आणि अख्ख्या वेब सर्व्हरची गती घटली. व्हर्च्युअल जगात तो कोअर तुमच्यानंतर दुसऱ्याला मिळतो, दुसऱ्यानंतर तुम्हाला. वरच्या मजल्यावर कुणी काय सुरू केलंय, हे तुम्हाला कळायला मार्ग नाही.

इंटर्नशिपला मी रोज ट्रान्स हार्बरने जाते. ऐरोली, रबाळे, घणसोली. ठाणे-बेलापूर रस्त्यालगत खिडक्या नसलेल्या मोठमोठ्या इमारती दिसतात. आधी मला ती गोदामं वाटायची. ती डेटा सेंटर आहेत. देशातल्या डेटा सेंटरचा सगळ्यात मोठा गठ्ठा याच मुंबई-नवी मुंबईच्या पट्ट्यात आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार जगभरातल्या डेटा सेंटरनी २०२४ मध्ये सुमारे ४१५ टेरावॅट-तास वीज वापरली. आपल्या घरच्या बिलाच्या भाषेत ४१,५०० कोटी युनिट, जगाच्या एकूण विजेच्या दीड टक्का. त्यामुळे 'एका सर्व्हरच्या गव्हर्नरने काय फरक पडतो' हे मला पटत नाही. फरक दोन्हीकडे पडतो. खालच्या वेगावर विसरलात तर गरज नसताना नवं मशीन विकत घेतलं जातं, जसं आमची कमिटी घेणार होती. वरच्या वेगावर विसरलात तर रात्रभर रिकाम्या बसलेल्या मशीनचं बिल येतं.

तुम्ही म्हणाल, आम्ही विद्यार्थी, आम्ही यात काय करणार? तुमच्यातले अर्धेअधिक जण प्रोजेक्टसाठी कुठे ना कुठे व्हर्च्युअल मशीन घेतातच. मोफत क्रेडिटवर क्लाउडचं किंवा कॉलेजच्या सर्व्हरवरचं. क्लाउडमध्ये वेगाची सूत्रं तुमच्या हाती जवळपास नसतातच. ॲमेझॉन काही ठरावीक प्रकारच्या इन्स्टन्सवर ती देते. विद्यार्थी जी छोटी मशीन घेतात, त्यावर नाही. मग आपल्या हातात उरतं काय? पहिल्याच दिवशी एक ठरावीक काम चालवायचं, लागलेला वेळ लिहून ठेवायचा आणि अधूनमधून तेच पुन्हा चालवायचं. एवढी एक वही आमच्या एसवायवाल्याला वाचवून गेली. लिनक्सवर 'टॉप' चालवलंत तर 'एसटी' नावाचा एक आकडाही दिसतो, तुमची पाळी असताना प्रोसेसर दुसऱ्याला दिला गेला तो वेळ. तो वाढला तर गर्दी आहे. तो शून्याजवळ आहे, कोड बदललेला नाही आणि तरीही काम दुप्पट वेळ घेतंय, तर खालच्या व्हॉल्व्हची चौकशी करायची वेळ आली.

आणि कॉलेजांकडून, किंवा ज्यांच्या हातात खरा सर्व्हर आहे त्या कुणाकडूनही, माझी मागणी साधी आहे. कुठला गव्हर्नर लावलाय, बायोसमध्ये पॉवरचं काय ठेवलंय, का ठेवलंय आणि कधीपर्यंत, हे वर राहणाऱ्यांना दिसू द्या. त्यांना बदलू देऊ नका हवं तर. एकाने बदललं की पाचांवर परिणाम होतो, त्यामुळे तो अधिकार खाली एकाच हातात असावा, हे मला पूर्ण मान्य आहे. पण सोसायटीसुद्धा पाणी कमी सोडणार असेल तर लिफ्टजवळच्या फळ्यावर लिहिते. आयटीच्या अभ्यासक्रमात व्हर्च्युअलायझेशन शिकवताना हायपरवायझरचे प्रकार तोंडपाठ करून घेतात म्हणे. त्यातला एक तास या वेगाच्या भानगडीला दिला तर बिघडेल का? प्रॅक्टिकलही सोपं आहे. खालचा वेग गुपचूप निम्मा करायचा आणि मुलांना आतून कारण शोधायला सांगायचं.

आमच्या सर्व्हर रूमच्या दारावर आता एक कागद चिकटवलाय. तारीख, काय बदललं, कुणी, कशासाठी, कधीपर्यंत. सध्या पहिल्या ओळीत 'शेडयुटिल' लिहिलंय. फेस्टच्या निकालाच्या रात्रीपुरता 'परफॉर्मन्स' होता, दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला काढला, तेही दुसऱ्या ओळीत आहे. नव्या सर्व्हरचा विषय तूर्तास मागे पडलाय. एसी मात्र तोच आहे. दादा म्हणतात, मेमध्ये तो परत बंद पडणार आणि ते परत वेग उतरवणार. या वेळी आधी ग्रुपवर टाकतील. ग्रुप एसवायवाल्यानेच बनवलाय, मला ॲडमिन केलेलं नाही.